पेटीतलं आकाशवाणी नागपूर : आधी खोकी वाचा, फिती नंतर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं : नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या माळ्यावर लोखंडी पेटी निघाली. तिच्यात अंदाजे ३५ स्पूल (चकरीवर गुंडाळलेल्या उघड्या फिती) आणि साठेक कॅसेट आहेत. बाबा बरीच वर्षं आकाशवाणी नागपूरच्या शेतीविषयक कार्यक्रमांत बोलायचे, मुलाखती घ्यायचे. शिवाय घरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवडलेलं टिपून ठेवायचे. अक्षय्य तृतीयेनंतर घर बिल्डरच्या ताब्यात जाणार. सीताबर्डीवरचा एक दुकानदार सगळं एमपीथ्री करून पेन ड्राइव्हवर द्यायला तयार आहे. तर त्याला द्यावं, की पेटी तशीच आकाशवाणीत नेऊन ठेवावी, की यूट्यूबवर टाकून मोकळं व्हावं?

घाईत असाल तर एवढंच करा. पेटी माळ्यावरून आजच खाली घ्या. एकही स्पूल ‘चालतो का बघू’ म्हणून लावू नका. दुकानदाराला आत्ता काही देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

मी पंचवीसेक वर्षं जुन्या फितींवरून आवाज उतरवून घ्यायचं काम करतोय. आधी स्टुडिओत होतो, आता नागपुरातल्या घराघरांतून येणाऱ्या फितींचा एक छोटा संग्रह सांभाळतो. तेव्हा पुढचं सगळं माझ्या टेबलावरून दिसतं तसं आहे. दुसऱ्याचं टेबल वेगळं सांगेल.

एमपीथ्री कोण करून देईल हा सोपा प्रश्न आहे, पैसे दिले की कुणीही देतो. अवघड प्रश्न दोन. या पेटीत असं काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही? आणि ते ऐकून ‘हा अमका, हे तमक्या गावचं’ असं सांगू शकणारी माणसं आज किती उरलीत? चांगली फीत नीट ठेवली तर आणखी दहा वर्षं थांबेल. पंच्याऐंशीतले निवृत्त उद्घोषक थांबतीलच असं नाही. माझ्या कामाचा सगळा क्रम या एका गोष्टीवरून ठरतो. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. आधी मशीन शोधतात, मग सॉफ्टवेअर, आणि आवाज कुणाचा हे विचारायला जातात तेव्हा त्या दाराला कुलूप असतं.

आता ‘दुसरीकडे कुठेच नाही’ याबद्दल. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. तेव्हा हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचं राजधानीचं शहर, प्रांतच मराठी आणि हिंदी असा दोन भाषांचा. १९५० ला प्रांताचा मध्य प्रदेश झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. म्हणजे बारा वर्षांत केंद्र तेच आणि श्रोत्यांच्या राज्याची पाटी तीनदा बदललेली. लोकांना वाटतं, या सगळ्या काळातलं बोलणं केंद्रात कुठल्यातरी कपाटात ओळीनं लावून ठेवलेलं असणार. तसं नसतं. सुरुवातीच्या काळात पुष्कळसं थेट बोललं जायचं, ते हवेत गेलं ते गेलंच. पुढे फीत आली, पण फीत महाग. प्रसारण झालं, मुदत संपली, की पुसायची आणि पुन्हा वापरायची, ही जगभरच्या नभोवाणी केंद्रांची रीत होती. कपाटात जायचं ते निवडक : मोठ्या नेत्याचं भाषण, नामवंताची मैफल, गाजलेली श्रुतिका. दिल्लीत १९५४ ला ट्रान्सक्रिप्शन सेवा सुरू झाली, तीही मुळात मान्यवरांची भाषणं जपायला.

पुसलं काय गेलं? बाजारभाव. हवामान. शेतकऱ्यांच्या पत्रांना दिलेली उत्तरं. संत्र्याचा मृग बहार धरायचा तर पाण्याचा ताण किती दिवस द्यायचा, यावर काटोलकडच्या बागाइतदारानं घातलेला वाद. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. तिच्याबद्दल सरकारी कागद ढिगानं सापडतील, पण वऱ्हाडी शेतकरी त्या दिवसांत तिच्याबद्दल कुठल्या शब्दांत बोलत होता, ते कागदावर नाही. असं बोलणं महत्त्वाचं म्हणून कुणी जपलं नाही, कारण ते रोजचं होतं. तुमच्या बाबांनी टिपलं असेल तर ते हेच.

म्हणून पेटीत बालगंधर्वांचं पद निघालं तर आनंद माना, पण ती कॅसेट रांगेत शेवटी ठेवा. ते पद ध्वनिमुद्रिकेवर कधीचंच सुरक्षित आहे. त्या पदाआधी ‘वरूडहून पत्र आलंय’ म्हणून पंधरा सेकंद बोलणारा उद्घोषक फक्त तुमच्याकडे आहे.

ही अक्कल मला उशिरा आली. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबानं बारा कॅसेट आणून दिल्या. मी मोठ्या हौसेनं काम केलं. मधल्या उद्घोषणा कापल्या, खरखर सॉफ्टवेअरनं धुऊन काढली, गाणी आणि भाषणं वेगवेगळी करून सुबक सीडी दिली. मूळ फाइल ठेवली नाही; तेव्हा हार्ड डिस्कमधल्या जागेची फार काटकसर करायचो. कुटुंबानं कॅसेट भंगारात दिल्या, कारण आता सीडी होती ना! काही वर्षांनी त्यातलं एक भाषण धरमपेठेतल्या एका निवृत्त उद्घोषकांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “हे काहून कापलं गा तू? याच्या आधी मी सांगतलं असन नं, कोन्या गावचं, कोन्या दिवशीचं!” सांगितलंच असणार. ते मीच कापलं होतं. भाषण आजही माझ्याकडे आहे. कुठलं, कधीचं, ते माहीत नाही. धुलाईत शेवटच्या अक्षरांची धार गेली ती वेगळीच.

आता पेटीकडे वळू. महालातला माळा म्हणजे वर पत्रे किंवा कौलं असणार. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्हाला मी सांगायला नको. नागपुरात फितींवर दुहेरी मार आहे : उन्हाळ्यात कोरडी भाजणी, ऑगस्टमध्ये दमट हवा. आणि एक तिसरा मार आपण स्वतः आणतो, तो म्हणजे कूलर. खसच्या किंवा गवताच्या टाट्यांतून येणारी गार हवा आपल्याला बरी, पण ती ओली असते. दिवसा कूलर, रात्री बंद, सकाळी खिडक्या उघड्या, असं चार महिने चाललं की फितीचं प्लॅस्टिक आणि त्यावरचा आवाज धरून ठेवणारा लेप रोज थोडा फुगतो, थोडा आकसतो. कोकणातल्या फिती माझ्याकडे बुरशी घेऊन येतात. आपल्याकडच्या बहुतेक वेळा सैल वेटोळ्यांच्या आणि कडा वाकलेल्या असतात. तेव्हा खालच्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली आणि कूलर नसलेली खोली निवडा. साधं लाकडी कपाट चालेल. रात्रीपुरता एसी लावलेल्या खोलीपेक्षा दिवसभर एकाच तापमानाची काळोखी आतली खोली मला जास्त विश्वासाची वाटते. स्पूल आणि कॅसेट पुस्तकांसारखे उभे ठेवा, एकावर एक आडवे नकोत. स्पीकर, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर यांच्या शेजारी नकोत. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असू शकते. ते खोकं वेगळं करा, तोंडाला मास्क लावा आणि फुंकर मारू नका.

मग बसा आणि खोकी वाचा. मला विचाराल तर अख्ख्या कामातला हा सगळ्यात मोलाचा आठवडा. प्रत्येक खोक्याला पेन्सिलनं क्रमांक द्या, खोक्यावरच, फितीवर नाही. सगळ्या बाजूंचे फोटो काढा. आतली चिठ्ठी, क्यू शीट (कार्यक्रमाचा क्रम लिहिलेला कागद), बसचं तिकीट, काहीही निघालं तरी त्याच क्रमांकाखाली फोटो. बाबांच्या अक्षरातलं जसंच्या तसं उतरवा, त्यांनी ‘मुला. काटोल पाटील’ एवढंच लिहिलं असेल तर वहीतही तेवढंच येऊ द्या. तुमचा अंदाज शेजारच्या वेगळ्या रकान्यात. अंदाज आणि पुरावा एकाच रकान्यात गेले की दोन वर्षांनी कुणालाच वेगळे करता येत नाहीत.

स्पूलचा आकारही बोलतो. सात इंची किंवा मोठे स्पूल असतील तर ते स्टुडिओतल्या किंवा घरच्या मोठ्या यंत्रावरचे. पाच इंचीचे छोटे असतील तर कान टवकारा. बाहेर मुलाखतीला नेण्याच्या खांद्यावरच्या रेकॉर्डरवर, उहेर कंपनीचा वगैरे, पाच इंचीच बसायचे. म्हणजे तो शेतातला, बाजारातला, यात्रेतला कच्चा माल असण्याची शक्यता मोठी. कार्यक्रमात त्यातली चार मिनिटं वापरली गेली असतील. अशा स्पूलवर सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगानं साधारण सोळा मिनिटं मावतात. न वापरलेली बारा मिनिटं कुणीच कधी ऐकलेली नाहीत. ते स्पूल रांगेत पुढे.

आता फितीची जात, म्हणजे ती कुठल्या प्लॅस्टिकची आहे, ते ओळखायचं. स्पूल न उलगडता त्याची सपाट बाजू उजेडाकडे करून धरा. वेटोळ्यांच्या गठ्ठ्यातून उजेड आरपार झिरपत असेल तर ती ॲसिटेटची, जुनी. गठ्ठा काळाकुट्ट दिसला तर पॉलिस्टरची. ॲसिटेटची फीत म्हातारी झाली की आंबट वास येतो, मुरलेल्या व्हिनेगरसारखा. असा वास आला की ते खोकं बाकीच्यांपासून लांब ठेवा, कारण ती वाफ शेजारच्या फितींनाही लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, वाफ आतच कोंडते. या फिती पाच इंचींच्याही आधी उतरवायच्या, कारण एकदा ही प्रक्रिया सुरू झाली की ती फक्त मंद करता येते, उलटवता येत नाही.

पॉलिस्टरचं दुखणं निराळं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या काही फितींचा लेप हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो. यंत्रावर लावली की चीं चीं आवाज करत हेडवर, म्हणजे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, तपकिरी चिकटा सोडते, आणि तो चिकटा म्हणजेच तुमचा आवाज. त्यावर उपाय आहे : फीत ५० ते ५५ अंशांत कित्येक तास हलकी भाजायची, म्हणजे काही आठवड्यांपुरती ती चालण्याजोगी होते. हे ऐकून एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, “मग मे महिन्यात गच्चीवर ठेवली तर?” नागपूरकराला सुचण्यासारखंच आहे. पण नाही. गच्चीवर दुपारी एक, संध्याकाळी दुसरं, आणि उन्हाचा कडाका एकाच बाजूनं. तापमान स्थिर लागतं, त्यासाठी प्रयोगशाळेतलं इनक्युबेटर वापरतात. आणि ॲसिटेटची फीत चुकून भाजली तर ती संपली. म्हणून आधी उजेडाची परीक्षा, आणि भाजणं जाणत्याच्याच हातून.

‘एकही स्पूल लावून बघू नका’ असं म्हटलं ते एवढ्यासाठीच नाही. घरातल्या जुन्या यंत्राचे रबर कडक झालेले असतात, ब्रेक नीट लागत नाहीत, आणि एका झटक्यात ॲसिटेट तुटते, पॉलिस्टर ताणली जाते. तुटलेली जोडता येते. ताणलेल्याला उपाय नाही. शिवाय पट्ट्यांची (ट्रॅकची) भानगड आहे, म्हणजे फितीच्या रुंदीतला किती भाग आवाजानं भरलाय त्याची. स्टुडिओतलं मोनो मुद्रण अनेकदा फितीची पूर्ण रुंदी व्यापतं. घरगुती चार पट्ट्यांच्या यंत्रावर ते लावलं तर हेड फितीचा बारीकसा काप वाचतो. आवाज येतो, पण मागची सूं सूं खरखर वाढते. उलट, घरी दोन्ही बाजूंनी भरलेली फीत स्टुडिओच्या पूर्ण रुंदीच्या हेडवर लावली तर दुसरी बाजू एकाच वेळी उलटी ऐकू येते. एका बाईंनी मला घाबरून फोन केला होता की आजोबांच्या मुलाखतीमागे कुणीतरी मंत्र पुटपुटतंय. ती दुसऱ्या बाजूची नाट्यगीतं होती.

कॅसेटचं मात्र तुम्ही घरी सुरू करू शकता, आणि करावंच. वरच्या दोन छोट्या खिट्ट्या आधी तोडा, म्हणजे चुकून वर काही मुद्रित होणार नाही. बाबांचा टेपरेकॉर्डर अजून घरात असेल तर तो फेकू नका, दुरुस्त करून घ्या, त्याचा रबरी बेल्ट नवा बसवून घ्या. कारण असं की प्रत्येक यंत्राच्या हेडचा कोन केसभर वेगळा असतो. ज्या यंत्रावर मुद्रण झालं त्याच यंत्रावर ते सगळ्यात स्वच्छ वाजतं. दुसरं यंत्र घेतलंत तर हेडशेजारचा स्क्रू बारीक फिरवून ‘स’ आणि ‘श’ कुरकुरीत ऐकू येईपर्यंत कोन जुळवावा लागतो, आणि तो दर कॅसेटला. बहुतेक दुकानांत नेमकं हेच करत नाहीत. दहा डेक एकदम चालू असतात, कोन एकच. ऐकणाऱ्याला वाटतं जुनी कॅसेट आहे म्हणून आवाज दबका. कॅसेट दबकी नसते.

उतरवताना एमपीथ्री नको. वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न दाबता ठेवणारी, २४ बिट. आवाजाचे नमुने घ्यायच्या वेगाचा संग्रहांचा आंतरराष्ट्रीय शिरस्ता ९६ किलोहर्ट्झचा आहे, किमान ४८. स्पूल मी ९६ वरच उतरवतो. मध्यम लहरींवरून घरी टिपलेल्या कॅसेटला ४८ पुरेसं आहे असं माझं मत, कारण त्या लहरींतून मुळात पाचेक किलोहर्ट्झच्या वरचे बारीक स्वर फारसे येतच नाहीत. पण या मतावर माझे काही मित्र भांडतात. जागेचं भय बाळगू नका. ९६ वर मोनोचा एक तास म्हणजे साधारण १ जीबी, स्टिरिओ त्याच्या दुप्पट. तुमची अख्खी पेटी दीडशे जीबीच्या आसपास मावेल. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्क घ्या आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवा. मूळ फाइलला कात्री लावायची नाही, खरखर धुवायची नाही. पोरांना ऐकवायला हवी तर तिची प्रत काढून ती हवी तशी चकचकीत करा.

वेळ मात्र लागतो. तासाभराच्या फितीला तपासणी, कोन, उतरवणं, नोंद धरून माझे तीन तास जातात. तुमच्याकडे ऐंशीएक तासांचा ऐवज दिसतोय, म्हणजे अडीचशे तासांचं काम. दर रविवारी पाच तास बसलात तर वर्ष जाईल. घर अक्षय्य तृतीयेला जातंय म्हणून उतरवणंही तोवर संपलं पाहिजे, ही गाठ मनातून सोडा. तोवर फक्त हलवणं आणि खोकी वाचणं व्हायला हवं.

तारखा लावायचं काम मला फार आवडतं, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. घरी टिपलेल्या कॅसेटवर तारीख क्वचित असते, पण रेडिओ स्वतःच पुरावे सोडतो. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली, पण तिच्यावर जाहिराती आल्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, आणि त्या सुरुवातीलाच मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवर. विविध भारतीच्या गाण्यांमध्ये जाहिरात ऐकू आली की फीत त्यानंतरची. रात्रीच्या हिंदी निवेदनात ‘राष्ट्रीय प्रसारण सेवा’ हे शब्द आले तर १८ मे १९८८ नंतरची. ती वाहिनी आपल्या नागपूरच्याच एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून देशभर जायची. आणि माझी सगळ्यात लाडकी खूण म्हणजे नवाचा पाढा. केंद्र सुरू होताना उद्घोषक वारंवारता सांगतो. २३ नोव्हेंबर १९७८ ला मध्यम लहरींची नवी मांडणी लागू झाली, केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली गेली. नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झ घ्या, नवानं भागा, बरोबर ६५ येतात. फितीवर सांगितलेल्या मध्यम लहरींच्या किलोहर्ट्झच्या आकड्याला नवानं भाग जात नसेल तर ती १९७८ च्या आधीची असणार. भाग गेला तर मात्र लगेच निकाल देऊ नका, काही जुने आकडेही योगायोगानं नवाच्या पाढ्यात बसतात. ‘किलोसायकल्स’ असा शब्द ऐकू आला तर आणखी मागे जा.

आता पुन्हा माणसांकडे. दहा-बारा कॅसेट उतरवून झाल्या की थांबा. सगळं संपायची वाट पाहू नका. बाबांच्या बरोबरीच्या लोकांची यादी करा : उद्घोषक, कृषी विभागातले, तंत्रज्ञ, कार्यक्रमाला नेमानं पत्रं लिहिणारे श्रोते. दिवाळीला कोण यायचं ते आईला विचारा, त्यातून दोन नावं निघतातच. त्यांच्या घरी जा, त्यांना बोलावू नका. ‘ओळखा बरं’ अशी परीक्षा घेऊ नका. आधी बाबांचा आवाज ऐकवा, मग खोक्यांचे फोटो दाखवा. ते जे बोलतील ते मोबाइलवर मुद्रित करा, त्यांना सांगून. मी ज्या घरी गेलो तिथे बहुतेक वेळा पहिली वीस मिनिटं काहीच उपयोगाचं मिळालं नाही, मग चहा आला आणि कुणीतरी म्हणालं, “अरे, हा तं पुलगावचा गुरुजी आहे, याच्या खोकल्यावरून ओळखतो मी.” खोकला मी सॉफ्टवेअरनं काढला असता तर गुरुजी गेले असते.

एक अडचण मान्य करतो. आवाज ओळखून घ्यायचा तर फीत वाजवायला हवी आणि स्पूल तर तुम्ही वाजवायचे नाहीत. म्हणून स्पूलच्या बाबतीत म्हाताऱ्या माणसांना फक्त खोकी दाखवा. अक्षर, सही, कार्यक्रमाचं नाव यावरूनही ती आश्चर्य वाटावं इतकं सांगतात.

हक्कांबद्दल. मी वकील नाही. पण एवढं समजून ठेवा की पेटी तुमची आहे म्हणजे तिच्यातला आवाज तुमचा आहे असं नाही. आजच्या कायद्यात प्रसारणाचा हक्क २५ वर्षं, ध्वनिमुद्रणाचा ६० वर्षं, कलावंताचा सादरीकरणावरचा ५० वर्षं, लेखकाचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. एकाच श्रुतिकेवर हे चारही बसलेले असू शकतात. स्वतःच्या घरी ऐकायला, अभ्यासाला प्रत ठेवण्यावर कुणी तुमच्या मागे लागणार नाही. विनानफा सार्वजनिक ग्रंथालयालाही आपल्याकडच्या मूळ प्रतीची डिजिटल प्रत जपणुकीसाठी ठेवायची मुभा २०१२ च्या दुरुस्तीनं दिली आहे. यूट्यूबवर टाकणं मात्र निराळं. बाबांचं स्वतःचं बोलणंसुद्धा टाकण्याआधी विचारा, कारण ते आकाशवाणीसाठी बोललेलं आहे. आकाशवाणी १९९७ पासून प्रसार भारतीकडे आहे आणि प्रसार भारतीचा स्वतःचा संग्रह विभाग आहे. पत्र लिहा, यादी जोडा.

दुसरी नाजूक गोष्ट. काही स्पूलच्या खोक्यांवर केंद्राचा शिक्का आणि फितीचा क्रमांक सापडेल. तेव्हा काम घरी नेऊन ऐकायची पद्धत होती, फिती परत द्यायच्या राहून जायच्या. ती फीत केंद्राची मालमत्ता असू शकते. लपवू नका, घाबरूनही जाऊ नका. त्या खोक्यांचे फोटो पत्राला जोडा आणि परत द्यायची तयारी दाखवा. पन्नास वर्षांनी फीत परत करणाऱ्याला कुणी दटावल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. उलट आतमध्ये बाबांना ओळखणारा एखादा माणूस निघू शकतो, तो तुम्हाला हवाच आहे.

पेटी सरळ केंद्रात किंवा कुठल्याही संस्थेत नेऊन ठेवावी का? ठेवू शकता, पण आधी यादी आणि फोटो तुमच्याकडे तयार हवेत, आणि पोच क्रमांकवार घ्या. ‘एक पेटी, जुन्या फिती’ अशी नको. संस्थेचं नाव कितीही मोठं असो, तीन गोष्टी विचारा : स्पूल वाजवायचं चालू स्थितीतलं यंत्र आहे का, फिती कुठल्या खोलीत ठेवणार, आणि आम्हाला वेव्ह फाइलची प्रत देणार का. उत्तरं गुळमुळीत आली तर खोकी तुमच्या आतल्या खोलीतच बरी.

सीताबर्डीच्या दुकानदाराला मी मोडीत काढत नाही. लग्नाच्या कॅसेट, बारशाच्या कॅसेट त्याला खुशाल द्या. रेडिओच्या द्यायच्याच झाल्या तर एकच द्या आणि सांगा : वेव्ह, २४ बिट, दोन्ही बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधली शांतताही न कापता. तो ‘कशाला, नुसती खरखर आहे’ म्हणाला की कॅसेट उचला.

खोक्यांचे फोटो निघाले की मला पाठवा. पाच इंची स्पूल किती आहेत आणि आंबट वास कितींना येतोय, हे दोन आकडे आधी कळवा. त्यावरून कुठले आत्ता हातात घ्यायचे ते ठरवू. आणि आणणार असाल तर सकाळी नऊच्या आत या. मागच्या उन्हाळ्यात एकांनी पेटी डिकीत ठेवली, वाटेत नातेवाइकांकडे जेवायला थांबले आणि चारला माझ्याकडे पोचले. पेटीला हात लावून बघितला तर चटका बसला.